चौथ्या बंदुकीची चौथी ओळ

श्रीकृष्ण पांढरीपांडे यांनी उभ्या आयुष्यात एकदाही बंदूक झाडली नाही. दिवाळीत शेजारच्यांनी लवंगी फटाक्यांची माळ लावली तरी ते कानात बोटं घालून आतल्या खोलीत जात. तरीसुद्धा पांढरकवड्यात पोस्टामागच्या गल्लीत कोणालाही "बंदूकवाले बाबूजी कुठं राहतात?" असं विचारलं, तर तो हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडे.

बैठकीच्या खोलीत काचेचं एक लांबलचक कपाट होतं. त्यात नऊ बंदुका आडव्या मांडलेल्या, प्रत्येकीखाली पितळेचा आकडा. सगळ्या जुन्या, सगळ्या निकामी, आणि सगळ्यांवर नक्षी. नक्षी नसलेल्या बंदुकीकडे बाबूजी ढुंकूनही पाहत नसत. "नुसत्या बंदुकीनं माणूस मरतो," ते म्हणत. "त्यात बघण्यासारखं काय?"

हा छंद त्यांना नोकरीनं लावला. तहसील कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं टेबल त्यांच्याकडे सव्वीस वर्षं होतं. परवान्याचं नूतनीकरण, वारसाची नोंद, निवडणूक आली की गावोगावची हत्यारं ठाण्यात जमा करवणं, ही कामं. आजोबा गेले की त्यांची बंदूक मागे राहायची, आणि नातवाच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत तिला जागा नसायची. मग बाबूजी कागद करून द्यायचे आणि बंदूक त्यांच्या कपाटात यायची. नातू सुटायचा, बाबूजी हरखायचे. अशा आठ बंदुकांचे कागद चोख होते. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की नववीचे नव्हते; आणि ती नववी कपाटात चौथ्या क्रमांकावर होती.

नक्षीवर पातळ कागद धरून वरून हलक्या हातानं शिसपेन्सिल फिरवली की हरणं, वेली, कारागिरांची नावं कागदावर उठून येतात. असे ठसे बाबूजींनी शेकड्यांनी घेतले होते. ते परदेशातल्या संग्रहालयांना पाठवायचे, उत्तराची वाट पाहायचे, आलेलं उत्तर वहीत चिकटवायचे. दर बंदुकीची एक दोनशेपानी वही. एका बंदुकीचा मूळ मालक शोधायला त्यांना अकरा वर्षं लागली आणि शेवटी तो एक दिवाळखोर गोरा कापूसव्यापारी निघाला, याचा त्यांना झालेला आनंद खुद्द त्या व्यापाऱ्यालाही आयुष्यात कधी झाला नसेल.

पण जीव होता तो चौथीवर. ठासणीची दुनळी बंदूक. दोन्ही घोडे माशाच्या आकाराचे, शेपटी वर उचललेले. घोड्यांमागच्या लोखंडी पट्टीवर पळणारं हरीण, त्याच्यामागे दोन कुत्रे, भोवती वेल आणि वेलीवर उगाचच बसलेला एक पोपट. हरणाच्या एका शिंगावर खोल ओरखडा. आणि नक्षीच्या रेघांच्या तळाशी, काजळी धुतल्यावर दिसलेला, एक लालसर रंग. दोन्ही नळ्यांत शिसं ओतून त्या कायमच्या बुजवलेल्या होत्या.

या बंदुकीवर बाबूजींनी नागपूरच्या एका वार्षिकांकात सोळा पानांचा लेख लिहिला होता. त्यात त्यांनी सिद्ध केलं होतं, की तो लाल रंग म्हणजे हैदराबादकडच्या एका लुप्त घराण्याचं सिंदुरी लाखकाम. बंदूक कोण्या सरदाराला नजराणा म्हणून आलेली. आणि नळ्यांतलं शिसं ही इंग्रजांच्या हत्यारबंदीची खूण. लेखापूर्वी त्यांनी दातकोरणीनं पट्टीवरचा रंग काढून, तो बाटलीत भरून रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाला पाठवला होता. प्राध्यापकानं कळवलं, यात हळद आणि तेल दिसतं. बाबूजींनी तळटीप दिली: 'कारागिराच्या हाताला भोजनसमयीची हळद लागली असावी.' त्यांच्या स्वतःच्या घरी दर दसऱ्याला पोथ्यांबरोबर पत्नी सुमेधाबाईंचं शिवणयंत्र पुजलं जाई आणि त्याच्या चाकाच्या खाचेत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू साचलं होतं. पण शिवणयंत्रावर कोणी सोळा पानं लिहिली नव्हती.

दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बाबूजींकडे सीताफळांची एक पिशवी येई. डोंगरातल्या सालईतांड्याहून, एसटीच्या कंडक्टरबरोबर. पूर्वी जो कंडक्टर असेल तो आणायचा. दहा वर्षांपासून बाबुलाल आणायचा, कारण तो स्वतःच कंडक्टर झाला होता आणि सीताफळं त्याच्याच आईनं, भुरीबाईनं, पाठवलेली असत. "याडीनं देल्ले, बाबूजी," असं म्हणून तो पिशवी ओट्यावर ठेवी, खाली वाकून पाया पडे आणि जाई. सुमेधाबाई त्यांची रबडी करत. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, "ही भुरीबाई कोण?"

"एक काम करून दिलं होतं तिचं," बाबूजी म्हणाले होते.

रबडी उत्तम झाली होती. बाबूजींनी वाटी संपवली नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांत त्यांनी ती कधीच संपवली नाही, आणि सुमेधाबाईंचा समज झाला की यांना सीताफळ सोसत नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी गावातल्या कॉलेजात प्रदर्शन ठरलं. ठरवलं संघदीप मुनेश्वर यानं, इतिहासाच्या प्राध्यापकानं. हा मुलगा म्हणजे आता चाळिशीचा. बाबूजींचे लेख वाचणारा तालुक्यातला बहुधा एकमेव माणूस. त्यानं नऊ कोरी कार्डं आणून दिली. प्रत्येकावर चार ओळी छापलेल्या: वस्तू, काळ, कारागीर, आणि चौथी 'कोणाकडून व कशी मिळाली.'

बाबूजींनी आठ कार्डं आपल्या वळणदार कारकुनी अक्षरात एका बैठकीत भरली. चौथ्या बंदुकीच्या चौथ्या ओळीत लिहिलं: 'खाजगी संग्रहातून.'

संघदीपनं कार्डं चाळली आणि त्या एकावर थांबला.

"सर, हे राहिलं."

"लिहिलंय की."

"खाजगी तर सगळंच असते, सर. कोणाचं खाजगी?"

"नोंद सापडत नाही."

"तुमची? नोंद?" संघदीप हसला. "सर, तुम्ही दुकानातून आणलेल्या खिळ्याची नोंद ठेवता." मग थोडं थांबून म्हणाला, "माझ्या आज्याच्या घरी एक पितळी लोटा आहे. त्याचा काळ माहीत नाही, कारागीर माहीत नाही. पण कोणी दिला, कोणत्या दिवशी दिला, देताना काय बोलला, हे सगळं माहीत आहे. आमच्याकडे चौथीच ओळ असते, सर. वरच्या तीन नसतात."

"बघतो," बाबूजी म्हणाले. पण बघायचं काही नव्हतं. ती ओळ त्यांना तोंडपाठ होती.

नव्व्याण्णव सालची निवडणूक. भादव्याचे दिवस होते आणि बाबूजी एका परवानाधारकाची बंदूक जमा करवायला सालईतांड्यावर गेले होते. ते काम झालं. परतताना पाणी प्यायला एका घरी थांबले. घर धावजी आडे याचं. धावजी वर्षापूर्वी वारला होता. घरात त्याची बायको भुरीबाई आणि लेकरं. पाण्याचा तांब्या हातात घेता घेता बाबूजींची नजर वर गेली. आढ्याखाली दोन खुंट्यांवर ती आडवी होती. धुरानं आणि तेलानं काळी, पण उजेडाची तिरीप नेमकी पट्टीवर, आणि तिथे एक हरीण पळत होतं.

बाबूजींनी ती खाली घेतली. पाहिली. नळ्यांत शिसं होतं, घोडे गंजून जाम झाले होते. कायदा त्यांना झोपेतही येत होता: जी बंदूक दुरुस्त करूनही झाडता येत नाही, ती कायद्याच्या लेखी बंदूकच नव्हे, जुनी शोभेची वस्तू. तिला परवाना लागत नाही. खुंटीवर राहू द्या, पाळण्यात घालून झुलवा, सरकारला कर्तव्य नाही.

"कागद दाखव," बाबूजी म्हणाले.

"कायचा कागद, साहेब?"

"परवाना. बंदुकीचा."

नव्हताच. कसा असणार? भुरीबाई भिंतीला टेकली.

"बाई, हा गुन्हा आहे. पोलिसांच्या नजरेस पडली तर उचलून नेतील."

"मले नेतीन का पोट्ट्याले?"

या प्रश्नाला खरं उत्तर 'कोणालाच नाही' हे होतं. बाबूजी म्हणाले, "कोणालाही."

मग ते सौम्य झाले. म्हणाले, मी आहे म्हणून. मी सरकारजमा करतो, तुझं नाव कुठं येऊ देत नाही. खिशातल्या डायरीचं एक पान फाडून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: 'एक जुनी बंदूक जमा केली.' खाली सही. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत क्रमांकाशिवाय त्यांच्या हातून बाहेर पडलेला तो एकमेव कागद. बंदूक पोत्यात गुंडाळली. भुरीबाई वेशीपर्यंत आली आणि त्यांच्या पाया पडली. "साहेब, तुमी वाचवलं," म्हणाली.

बंदूक सरकारात कधी गेलीच नाही. ती पोस्टामागच्या गल्लीत आली आणि ज्या नियमानं ती सालईतांड्यावर राहू शकत होती, त्याच नियमानं काचेच्या कपाटात निर्धास्त राहिली. पुढच्याच महिन्यात पहिली सीताफळं आली.

प्रदर्शन बुधवारी उघडलं. पेपरात फोटो आला होता, आणि वार्ताहरालाही हरीणच आवडलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला बाबुलाल खाकी शर्टातच आला आणि त्याच्यामागे, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत, भुरीबाई. तिला पंचवीस वर्षांत बाबूजींनी पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. चालणं तेच, झपझप.

"साहेब, सीताफयं यंदा मीच आनली," ती म्हणाली. "बाबुल्यानं पेपर दाखवला. मी म्हनलं, हे हरीन तं आपल्याच घरचं हाये." ती कॉलेजातल्या काचेच्या कपाटापाशी गेली. "हाये ना, साहेब? आमचीच ना?"

भोवती आठ-दहा पोरंपोरी होती. संघदीप होता.

"हो," बाबूजी म्हणाले.

"मले वाटे सरकारनं वितळून टाकली असन." तिनं काचेवर तळहात ठेवला. "मंग तुमाले देल्ली का सरकारनं? संभाळाले?"

खोटं बोलण्याचा एक फायदा असतो: पहिलं माणसाला स्वतः रचावं लागतं, पुढची लोक आणून देतात. बाबूजींना काहीच करायचं नव्हतं, फक्त घ्यायचं होतं.

"हो," ते म्हणाले. "सांभाळायला."

"बरं झालं बाप्पा. चांगल्या हातात पडली." मग ती वाकून बघू लागली आणि तिच्या कपाळावर आठी आली. "कुकू कोनं काढलं?"

"कोणतं कुंकू?"

"हे का. हरनाच्या आंगावरचं. पार कोरून काढलं कोनं तरी." ती हसायला लागली. "दर दसऱ्याले तिळाचं तेल आन कुकू लावो ना आमी! मी सून म्हनून आली तवापासून मीच लावो. त्याच्या पयले सासू लावे, रामीबाई. तिच्या पयले तिची सासू. इतक्या बायायचं कुकू काढाले किती दिवस लागले असतीन, साहेब?"

तीन महिने लागले होते. कार्डाशेजारी सोळा पानांच्या लेखाचा सारांश टांगला होता. एका मुलीनं तो 'सिंदुरी लाखकाम'पर्यंत वाचला, फुस्सकन हसली आणि तोंडावर ओढणी धरली.

"आजी," संघदीप हळूच म्हणाला, "आणि नळ्यांतलं शिसं? सर म्हणतात, इंग्रजांनी भरलं."

"इंग्रजायनं?" भुरीबाईनं बाबूजींकडे आदरानं पाहिलं, एवढा शिकलेला माणूस असं म्हणतो तर काही असेल. "इंग्रज कायले येतीन जी सालईतांड्यावर? याच्या बापानं भरलं. शिकारबंदी आली तवा तांड्याच्या नायकानं सांगतलं, का धावजी, कोनी आपल्यावर बोट नको उचलाले. मंग इथच्याच लोहाराजोळून भरून आनलं. मी नवी नवरी होती, संगं आलती. लोहारानं मले भेलीचा गूळ खाले देल्ला."

"आणि बंदूक आली कुठून?"

"सासऱ्याचा बाप मिठाचे बैल घेऊन फिरे. वाटेनं चोरचिलटं. त्यानं उमरखेडच्या बाजारात एक बैलजोडी देऊन घेतली. आन हे शिंग," तिनं काचेवरूनच बोट फिरवलं, "हे माह्या मालकानं ल्हानपनी खिळ्यानं खरवडलं. लय मार खाल्ला म्हने."

संघदीप भराभर लिहून घेत होता. बाबूजींनी या बंदुकीसाठी बारा वर्षं पत्रं लिहिली होती: लंडनला, कलकत्त्याला, हैदराबादला. पांढरकवड्याहून सालईतांडा पस्तीस किलोमीटर. तिथेच तेवढं विचारायचं राहिलं होतं, कारण विचारायला जायचं म्हणजे त्या घरात पुन्हा पाणी प्यावं लागलं असतं.

निघताना भुरीबाईनं कमरेची चंची सोडली. सुपारी, काथ यांच्या खालून प्लास्टिकच्या कागदात जपलेली एक घडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"हे घ्या साहेब, तुमची चिठ्ठी. आता बंदूक पाह्यली डोयानं. मले काय काम हिचं?"

पावती परत करून ती मोकळी झाली. 'एक जुनी बंदूक जमा केली.' अक्षर वळणदार होतं.

त्या संध्याकाळी बाबूजी चौथीचं कार्ड घरी आणून बैठकीत पुढ्यात घेऊन बसले. सुमेधाबाई सीताफळं पिकायला तांदळात ठेवत होत्या.

"उद्या नको ठेवू म्हणावं त्या संघदीपला, ती चौथी," बाबूजी म्हणाले. "काढून ठेवू."

"का?"

त्यांनी सांगितलं. प्रथम थोडं फिरवून, निवडणुकीपासून, मग सरळ. सुमेधाबाई शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं? परवाना लागत नाही ते?"

"माझंच टेबल होतं ते."

सुमेधाबाईंनी तांदळातली सीताफळं एकेक करून बाहेर काढली, पुन्हा पिशवीत भरली आणि पिशवी ओट्यावर ठेवून आल्या. "पंचवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला सोसत नाही."

बाबूजींनी जुनं कार्ड फाडलं आणि नवं घेतलं. पहिल्या तीन ओळी भुरीबाईनं सांगितल्या तशा भरल्या. काळ: मिठाच्या बैलांचा. कारागीर: माहीत नाही, कुंकू रामीबाई व भुरीबाई यांचं. चौथ्या ओळीपाशी पेन बराच वेळ अडलं. कारकुनी भाषेत प्रत्येक गोष्टीला एक सोयीचा शब्द असतो आणि ते सगळे त्यांना येत होते. 'हस्तांतरित.' 'ताब्यात आली.' शेवटी त्यांनी लिहिलं: 'भुरीबाई धावजी आडे, सालईतांडा, हिला परवाना लागतो असं खोटं सांगून मी नेली. श्री. पांढरीपांडे.' आणि खाली ती चिठ्ठी टाचणीनं लावली. संशोधक ज्याच्यासाठी जन्मभर झुरतो असा अस्सल, समकालीन, सहीचा पुरावा. त्यांच्या नऊ बंदुकांत या एकीलाच मिळाला होता.

सकाळी संघदीपनं ते वाचलं. दोनदा वाचलं.

"सर, हे असंच लावू?"

"असंच."

"काल त्या आजींना सांगता आलं असतं."

"हो."

संघदीपनं कार्ड लावलं. कालच्यासारख्याच दोन खुर्च्या आणल्या, मात्र शेजारच्या खुर्चीवर बसला नाही. दिवसभर त्याला कुठे ना कुठे काम निघत राहिलं. लोक येत, वाचत, मग मान वळवून कोपऱ्यातल्या बाबूजींकडे बघत. एकानं विचारलं, "बाकीच्या आठ बी अशाच का?" दोघांनी अक्षराची स्तुती केली. ती सगळ्यात लागली.

दसरा शनिवारी होता. बाबूजींनी बंदूक सतरंजीत गुंडाळली, सीताफळांची पिशवी घेतली आणि सालईतांड्याच्या बसमध्ये चढले. बस बाबुलालचीच. तांड्यावर तासभर थांबून तीच परत येते. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर होता, त्यामुळे त्यानं कार्ड पाहिलं नव्हतं.

"बाबूजी! या, बसा." त्यानं एका माणसाला उठवून दारामागची पहिली सीट दिली. बाबूजी खिशात हात घालू लागले तशी तो म्हणाला, "राहू द्या जी. तुमचं तिकीट मी काढतो."

"अरे नको."

"आमाले जेलातून वाचवलं तुमी. एका तिकिटाचं काय घेऊन बसले?"

शेजारच्या म्हातारीनं सतरंजीकडे बघून विचारलं, "शेवयाचा पाट का हो?" बाबूजींनी मान हलवली. तिनं ती होकारार्थी घेतली.

भुरीबाईनं अंगण सारवून ठेवलं होतं. बाबूजींनी सतरंजी सोडली आणि बंदूक बाजेवर ठेवली. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यात त्यांनी कलमासकट लिहिलं होतं की ही वस्तू जुनी, निकामी आहे, हिला परवाना लागत नाही, कोणी विचारल्यास हा कागद दाखवावा. भुरीबाईला वाटलं, सरकारनं सोडली. ती बाबुलालला म्हणाली, "पाय, म्हनलं होतं ना, साहेब करतीन काहीतरी."

"सरकारनं नाही सोडली," बाबूजी उभ्यानंच म्हणाले. "सरकारकडे ती कधी गेलीच नाही. माझ्याच घरी होती. आणि कागद तेव्हाही लागत नव्हता. मला ते माहीत होतं. परवा तू विचारलंस तेव्हाही मी खोटं बोललो."

बाबुलालनं कागद घेतला आणि ओठ हलवत पूर्ण वाचला.

"म्हंजे माह्या बापानं गुन्हा नोयता केला."

"नव्हता."

"काहीच नोयता?"

"काहीच नाही."

बाबुलाल बाजेच्या कडेला बसला. "एसटीत लागलो तवा पोलीस चौकशी आलती," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "फॉर्मात होतं, घरात कोनावर गुन्हा हाये का. तीन दिवस जेवलो नाई मी. मले वाटे, आता निघन बापाचं. शाळेत बी बापाचं नाव विचारलं का मी हळू सांगो."

"मीच सांगतलं होतं त्याले," भुरीबाई म्हणाली. "का बाबू, बापाचं नाव जास्त काढू नको कोनाजोळ." मग तिनं बाबूजींकडे पाहिलं. रागानं नाही, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "मंग मी भ्याली कायले, साहेब? इतके वर्सं?"

बाबूजींनी वाटेत बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच इथे बसेना.

"मला ती हवी होती," ते म्हणाले.

"तं मांगायची होती."

"दिली असतीस?"

"नाई," भुरीबाई म्हणाली. "नसती देल्ली. पन मांगायची होती."

मग ती उठली. आतून तेलाची वाटी आणि कुंकवाची डबी घेऊन आली. पदरानं हरीण पुसलं, तेलाचं बोट फिरवलं आणि रेघारेघांत कुंकू दाबून भरू लागली. आधी हरीण, मग कुत्रे, मग पोपट. शिंगावरच्या ओरखड्यात तिनं जरा जास्त भरलं. शेजारच्या बाया जमल्या. एकमेकींना आपट्याची पानं देणं सुरू झालं, "सोनं घ्या, सोनं घ्या." बाबूजींनीही सकाळी सवयीनं चार पानं खिशात टाकली होती. त्यांनी खिशात हात घातला, पानांना हात लागला, आणि हात तसाच रिकामा बाहेर आला. त्यांच्यापुढे कोणी पान धरलं नाही. कोणी त्यांना जा असंही म्हटलं नाही. बाबूजींनी आणलेली सीताफळांची पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली होती तिथेच होती. तिच्याकडेही कोणी पाहिलं नाही.

बसचा हॉर्न वाजला.

परतीच्या बसमध्ये पहिली सीट रिकामी होती. बाबूजी मागे जाऊन बसले. बाबुलाल पुढून एकेकाला तिकीट देत मागे येत होता: एक कुटुंब केळापूरचं, दोन पोरं, एक माणूस बोकड घेऊन, त्या बोकडाच्या तिकिटावरून थोडी बाचाबाची. मग तो बाबूजींपाशी थांबला. तिकिटाचं यंत्र पोटाशी, नजर यंत्रावर.

"पांढरकवडा," बाबूजी म्हणाले. "अर्धं."

"कागद दाखवा," बाबुलाल म्हणाला.

बाबूजींना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी पाकीट काढलं आणि आत वयाचा दाखला शोधू लागले. खिशातून पाकिटाबरोबर आपट्याची पानं निघाली आणि खाली पडली. आधार कार्ड एका कप्प्यात अडकून बसलं होतं. बाबुलाल उभा राहिला. घाई केली नाही, मदतही केली नाही. कार्ड निघाल्यावर त्यानं ते घेतलं, फोटो पाहिला, जन्मसाल पाहिलं, पुन्हा एकदा फोटो पाहिला, जसा कोणत्याही प्रवाशाचा बघतात तसा, आणि परत दिलं.

"सुटे द्या," म्हणाला, आणि तिकीट फाडलं.